पडौकातला कागद्या

नीलकंठराव खोटं बोलत नाहीत, असा कारखान्यात त्यांचा लौकिक होता. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. माणूस मुळात बोलायचाच इतका कमी, की त्यात खोटं मावायला जागाच नसायची. पण चव्वेचाळीस सालच्या जूनमध्ये ते एक शब्द खोटं बोलले, आणि त्या एका शब्दापायी त्यांची सून वसुधा, ऐन निघायच्या तोंडावर, घरात अडकून पडली. शब्द होता 'ताजं'. लाकडाबद्दल बोलले होते ते.

जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नीलकंठराव लाकूड तपासायचे. यार्डात रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या झाल्या की एकेका ओंडक्यावरून हात फिरवायचा, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचा, कापलेल्या तोंडाचा वास घ्यायचा आणि खडूनं खूण करायची. हा चालेल, हा नाही. सगळ्यांत मान अंदमानच्या पडौकाला. तोफेचा हिसका बसला तरी फाटत नाही असं चिवट लाकूड. नवीन कापलेलं तोंड लालभडक असतं, मग हवा लागेल तसतसं काळवंडत जातं. त्या रंगावरून नीलकंठराव ओंडका कधी तोडलाय ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

या पडौकाच्याच ओळखीतून त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, श्रीरंगला, अंदमानात नोकरी लागली. पोर्ट ब्लेअरला, जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून. आई अनसूयाबाईंनी किती आकांत केला! "काळ्या पाण्यावर पोरगं धाडून राहिले तुम्ही! चांगल्या घरच्या माणसाचं काय काम तिथं?" पण सरकारी नोकरी, पेन्शन. श्रीरंग गेला. चाळीस साली रजेवर आला, नागपूरच्या गुणवंतराव मास्तरांच्या वसुधेशी लग्न केलं आणि "क्वार्टर मिळालं की बोलावतो" म्हणून परत बोटीत बसला. ते क्वार्टर काही मिळालं नाही.

सरकारी मालासोबत खासगी चिठ्ठीचपाटी पाठवायला बंदी होती. पण श्रीरंग खोडकर. जबलपूरचा माल लादायचा असला की एखाद्या ओंडक्याच्या तोंडाला पडलेल्या भेगेत तो कागदाची तिकोनी पुडी सारून द्यायचा. पुडीत अक्षर नाही, काही नाही. एक मेलेलं फुलपाखरू, बस. तळहाताएवढं, पांढरं, पंखांवर काळे ठिपके नि रेघा, टिपकागदावर शाई झटकल्यासारखे. श्रीरंगनं त्याला नाव दिलं होतं 'कागद्या'. टपालानं येणाऱ्या पत्रांतून त्याची वर्णनंच्या वर्णनं असायची. कागद्या त्या बेटांवरच्या दाट जंगलातच असतो, उघड्यावर उन्हात येत नाही. उंच झाडांच्या सावलीत, पंख हलवायचासुद्धा आळस केल्यासारखा तरंगत राहतो, हात पुढे केला तर हातात येतो. कडू असतो म्हणे, त्यामुळे पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत आणि त्याला कशाची घाई नसते. 'बाबा, या बेटावर कुणालाच न भिणारा जीव हा एकच,' असं त्यानं एकदा लिहिलं होतं.

इकडे ओंडका आऱ्यावर चढवण्याआधी भेगा तपासाव्याच लागत. एखादा खडा-खिळा राहिला तर करवतीचं पातं गेलंच. ते काम यार्डातल्या तुळशीराम हमालाचं. पुडी हाती लागली की तो अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "बाबूजी, छोटे बाबू की चिट्ठी!" नीलकंठराव पुडी टोपीत ठेवून घरी न्यायचे. घरातल्यांचं गणित पक्कं होतं. पडौक आलं म्हणजे जहाज आलं, जहाज आलं म्हणजे श्रीरंग खुशाल. पत्र मागून यायचं, कागद्या आधी.

मग बेचाळीसच्या मार्चमध्ये जपान्यांनी ती बेटं घेतली. पत्रं बंद झाली, पडौकही बंद झालं.

सुरुवातीला सगळ्यांनी सगळं केलं. अर्ज केले, साहेबांचे पाय धरले, कलकत्त्याला तारा केल्या. कुठूनच काही कळेना, तेव्हा हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. रडणं सुटलं, देवाला विचारणं सुटलं, शेवटी एकमेकांशी त्याविषयी बोलणंही सुटलं. लढाईमुळे कारखाना कधी नव्हे इतका जोरात चालला होता. भोंगा झाला की नीलकंठराव जायचे, भोंगा झाला की यायचे. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, हे त्यांना कळेनासं झालं होतं. कुणी मेलं असतं तर निदान सुतक संपलं असतं. इथं संपायला काही सुरूच झालं नव्हतं.

आणि वसुधा? तिची तर कुणी चौकशीही करत नव्हतं. ज्याच्याबरोबर पुरती एक दिवाळीही झाली नाही, त्याची बायको म्हणून ती सासरी भाकऱ्या थापत होती. पोरगी हुशार, मॅट्रिक झालेली. तिच्या वडिलांच्यानं ते बघवेना. त्यांनी नागपुरात मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत खटपट करून जागा मिळवली आणि जूनमध्ये तिला न्यायला आले. वसुधा जाते म्हणाली. अनसूयाबाईसुद्धा, नाक ओढत का होईना, हो म्हणाल्या. ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाऊबाग स्टेशनवरून छोट्या लाईनच्या गाडीनं निघायचं ठरलं.

नेमक्या त्याच दिवशी यार्डात पडौक आलं.

चार वाघिणी. कलकत्त्याच्या कुठल्याशा डेपोत पडून राहिलेला माल कुणाच्या तरी ध्यानात आला आणि इकडे रवाना झाला. कुणी सांगायची गरजच नव्हती, नीलकंठरावांना पहिल्याच ओंडक्याला हात लावताना कळलं. तोंडं काळीठिक्कर पडलेली, भेगा बोट जाईल इतक्या खोल, कडेच्या कच्च्या लाकडाला भुंगा लागलेला. ठोकलं तर सुका खणखणीत आवाज. लढाई बेटांवर पोचायच्या आधी तोडलेलं लाकूड होतं ते. त्यांनी खडूनं खुणा करायला सुरुवात केली, आणि मागून तुळशीराम ओरडला,

"बाबूजी! छोटे बाबू की चिट्ठी!"

सगळं यार्ड गोळा झालं. नीलकंठरावांनी पुडी उघडली. कागद्या शाबूत होता, फक्त एक मिशी तुटली होती. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना स्वतःलाही वाटलं, आता छातीत काहीतरी होईल. काहीच झालं नाही. पायाला मुंग्या येऊन तो आपला वाटत नाही, तसं आतून सगळं. त्यांनी पुडी मिटली, टोपीत ठेवली आणि राहिलेले ओंडके तपासायला घेतले.

तुळशीराम भला माणूस. भल्या माणसांचा हाच तर ताप असतो! जेवणाच्या सुट्टीत त्यानं सायकल काढली आणि तडक घमापूरला घर गाठलं. "माँजी, छोटे बाबू ज़िंदा हैं! पडौक आया है, चिट्ठी आई है!"

संध्याकाळी नीलकंठराव घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग. अनसूयाबाई शेजारपाजाऱ्यांना खव्याची जलेबी वाटून राहिल्या होत्या. रेशनच्या दिवसांत ही कुठून पैदा केली देव जाणे. शेजारची कुंदा तर फेर धरायचीच बाकी होती. अनसूयाबाईंनी नवऱ्याच्या हातातून पुडी अक्षरशः हिसकली, उघडली, कपाळाला लावली आणि ढसाढसा रडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याला रंग आला होता. नीलकंठरावांनी रिकामी झालेली टोपी खुंटीला अडकवली.

"आता पोरगी कशी जाईल? नवरा उद्या दारात उभा राहिला तर काय सांगू, बायको नागपुरात शाळा शिकून राहिली?" अनसूयाबाईंनी जाहीर करून टाकलं.

गुणवंतराव मास्तर होते, डोकं ठिकाणावर ठेवणारे. गर्दी पांगल्यावर ते नीलकंठरावांना अंगणात घेऊन गेले.

"व्याहीबुवा, एक विचारतो, राग मानू नका. बेट जपान्यांच्या हातात. तिथून इंग्रजांच्या कारखान्याला लाकूड कसं येईल? मला तर हे जुनं काही वाटून राहिलंय. तुम्ही लाकडातले माणूस. तुम्ही सांगाल ते मी मानतो. जुनं म्हणालात तर पोरीला उद्या घेऊन जातो, ताजं म्हणालात तर ठेवतो. सांगा, लाकूड ताजं का जुनं?"

नीलकंठरावांना खिडकीतून आतली ट्रंक दिसत होती, तिच्यावर घडी घातलेली शाल. उद्या संध्याकाळी भोंगा झाल्यावर या घरात आपण परत येऊ तेव्हा काय असेल, ते त्यांना लख्ख दिसलं. दोन पाट, दोन ताटं, आणि मधे अनसूयाबाईंचं ते पांढरंफटक तोंड. तेवढ्यात आतून त्याच अनसूयाबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

"ताजं," नीलकंठराव म्हणाले.

शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या त्यांना, इथं कुणी आडवं येणार नाही. गुणवंतरावांनी मात्र मान डोलावली, दुसऱ्या दिवशी एकट्यानं गाडी धरली आणि ट्रेनिंगची जागा दुसऱ्या कुणा मुलीला गेली.

मग काय विचारता! अनसूयाबाईंनी वसुधेच्या हातात हिरवा चुडा भरला. दर सोमवारी ग्वारीघाटावर नर्मदामाईला दिवा सोडायला सुरुवात झाली. श्रीरंगच्या नावानं लोणची मुरायला लागली. कागद्याला काचेच्या चौकटीत घालून देवांशेजारी टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची महती सांगण्यात बाईंचा दिवस जाऊ लागला. "जंगलातून बाहेर येत नाही बरं का हा! माझ्या पोरानं आत जाऊन धरला. म्हणजे हिंडूनफिरून आहे, जेलात नाही."

वसुधा सगळं सांगितल्याप्रमाणे करायची. चुडा भर म्हटलं, भरला. घाटावर चल म्हटलं, गेली. पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ते अनसूयाबाईंच्या डोळ्यांत सलायला लागलं. आधी टोमणे सुरू झाले. "नवरा जिवंत आहे कळलं तरी हिला हसू फुटत नाही. बाई आहे का पाटा!" मग कुंदानंही री ओढली. "वहिनींचं मन दुसरीकडेच असेल कुठे, शाळेत-बिळेत."

वसुधेनं एक वेळचं जेवण सोडलं. मग सोमवारच्या उपासासोबत शनिवारचाही धरला. देवापुढे बसायची ती उठायचीच नाही. नीलकंठरावांना दिसत होतं, आणि ते बघून न बघितल्यासारखं करत होते. रोज यार्डात तेच ओंडके, तीच काळी तोंडं. आऱ्यावर एकेक संपत गेला. घरी अनसूयाबाई विचारायच्या, "आलं का हो नवीन पडौक?" ते मानेनंच नाही म्हणायचे.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. अनसूयाबाई कुंदाला घेऊन घाटावर गेल्या होत्या. नीलकंठरावांना सुट्टी होती, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपारी कातरत बसले होते. वसुधेनं चुलीवरचं उकळतं पातेलं उचललं. सांडशी नाही, फडकं नाही, नुसत्या दोन्ही हातांनी. उचललं आणि तशीच उभी राहिली, कुठं ठेवायचं ते विसरल्यासारखी.

"अगं! ठेव! ठेव ते खाली!"

तिनं ठेवलं. हातांकडे बघितलं. तळवे लाल झाले होते, फोड धरायला लागले होते. ती ओरडली नाही की फुंकर घातली नाही. नीलकंठरावांनी घागरीतलं पाणी परातीत ओतलं आणि तिचे हात धरून पाण्यात बुडवले. सुनेला हात लावायची ही पहिलीच वेळ.

"दुखत नाही का गं?"

"नाही मामंजी," ती म्हणाली. "मला काहीच होत नाही. माझ्यातच काहीतरी मेलंय."

एवढं झाल्यावरही गप्प राहणारा माणूस म्हणजे दगडच. नीलकंठराव दगड नव्हते, भित्रे होते.

"वसुधा, ते लाकूड जुनं होतं," ते म्हणाले.

तिला कळलं नाही.

"जूनमध्ये आलं ते पडौक. बेट पडायच्या आधी तोडलेलं. कलकत्त्यात पडून होतं. त्यातलं फुलपाखरूही तेव्हाचंच. मला हात लावल्याबरोबर कळलं होतं. तुझ्या बाबांनी विचारलं, मी खोटं सांगितलं." मग एवढ्यानं भागत नाही असं वाटून ते पुढे म्हणाले, "श्रीरंग नाही असंही नाही त्याच्यावरून. आहे असंही नाही. आपण होतो तिथंच आहो."

नीलकंठरावांना वाटलं, आता ही किंचाळेल, परात उधळेल. ती उधळती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी बरोबर होते?" तिनं विचारलं.

"काय?"

"सगळे नाचले त्या दिवशी. आई रडल्या, तुळशीराम रडला. मी तो कागद्या हातात घेतला नि मला काहीच वाटलं नाही. हे जिवंत आहेत असं आतून आलंच नाही. मी म्हटलं, मी कसली बायको? कुंदाताई म्हणतात ते खरंच असेल, मला नवरा नकोच असेल. मामंजी, मी रोज देवापुढे बसून मागून राहिले होते, की मला आनंद होऊ दे. नवरा परत येऊ दे हे मागायचं सोडून मी हे मागत होते!"

आणि ती रडायला लागली. हात पाण्यात तसेच ठेवून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं मोठ्यानं. त्याच्यासाठी, स्वतःसाठी, वाया गेलेल्या महिन्यांसाठी, कशाकशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. मधेच "आई गं, आग होते" असं ओरडली. हात आता दुखायला लागले होते. नीलकंठराव समोर बसून होते. त्यांना रडावंसं वाटत होतं, पण रडू येत नव्हतं. त्यांनी परातीतलं पाणी बदललं, पुन्हा बदललं.

रडणं ओसरल्यावर तिनं खांद्यानं नाक पुसलं. आवाज एकदम सरळ झाला होता.

"मी बाबांकडे जाते. या वर्षीची जागा तर गेली, पुढच्या वर्षी बघतील ते."

"बरं."

"आणि आईंना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"सांगतो," नीलकंठराव म्हणाले. त्या घरात हे सांगणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. बाईंचं लोणचं, दिवे, चौकट, सगळं त्यांच्याच हातानं काढून घ्यायचं होतं.

अनसूयाबाई घाटावरून आल्या, ओलं वस्त्र दोरीवर टाकून ओसरीत टेकल्या. कुंदा घरी गेली होती. नीलकंठराव समोर जाऊन बसले. असे समोर ते कधी बसत नसत, त्यामुळे बाईंनी पदर सावरला आणि वाट बघितली. मग नीलकंठरावांनी सगळं सांगितलं. लाकूड, भुंगा, काळी तोंडं, गुणवंतरावांनी विचारलेलं, आपण दिलेलं उत्तर, वसुधेचे भाजलेले हात नि तिचं जायचं ठरलेलं. एवढं सलग ते लग्नानंतर कधी बोलले नव्हते.

अनसूयाबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर आलेला रंग, जूनपासूनचा, डोळ्यांदेखत उतरत गेला. नीलकंठराव मनाची तयारी करून बसले होते. आता ही छाती पिटेल, आपल्याला नाही नाही ते बोलेल, बेशुद्ध पडेल. तसलं काही झालं नाही.

"मला खोटं सांगितलं ते समजलं," त्या म्हणाल्या. "मी आई आहे, मी वेडीच होणार होते. पण त्या पोरीला काहून अडकवलं?"

नीलकंठरावांच्या अंगात आता खोटं बोलायचं बळ नव्हतं, म्हणून जे होतं तेच म्हणाले.

"ती गेली असती तर घरात कुणीच उरलं नसतं. मला भीती वाटली."

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चौतीस वर्षांचा संसार होता.

"मी होते ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि वसुधेला म्हणाल्या, "बघू गं हात. असू दे, मी लावते तूप. आणि नागपूरची गाडी सकाळी किती वाजता असते, ते बाहेर मामंजींना विचारून ये."